मी, अर्धापूरची बिनचाकी गाडी

मित्रांनो, मला चाकं नाहीत, बैल नाहीत, इंजिन नाही. तरी अर्धापुरात मला सगळे गाडीच म्हणतात, आणि मी कुणाला दुरुस्त करायला जात नाही. ज्याला हसायचं त्याने हसावं. आधी माझ्याइतकं सरळ काम करून दाखवावं, मग हसावं.

आता मी कोण ते नीट ऐका. मध्ये बोलू नका.

आमच्या कारखान्यात एक कटर मशीन आहे. जाड लोखंडी मेज, आणि मेजाच्या पोटातून वर डोकावणारी गोल करवत. बटण दाबलं की करवत अशी फिरते की तिचे दात दिसेनासे होतात. मेजावर तिच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन सरळ खाचा आहेत. मी म्हणजे प्लायचा एक रुंद पाट. माझ्या पोटाखाली दोन सागवानी पट्ट्या आहेत, त्या बरोबर त्या खाचांत बसतात. पुढे एक आणि मागे एक अशा दोन जाड पट्ट्या माझ्यावर उभ्या आहेत. मागच्या पट्टीला आमच्याकडे टेकण म्हणतात, कारण फळी तिला टेकवून धरायची असते. मग मला पुढे ढकललं की फळी माझ्याबरोबर जाते आणि करवत तिला आडवी कापून देते.

नुसत्या हाताने ढकललेली फळी वळते, करवतीत अडकते, कधी उलटी अंगावर येते. माझ्या कुशीत बसली की गुमान जाते. टेकण करवतीशी काटकोनात असेल तर काप काटकोनात येतो. टेकण केसभर वाकडं असेल तर माझ्यावर कापलेलं सगळं केसभर वाकडं निघतं. एवढंच माझं शिक्षण. पण एवढ्यावर एक घर उभं राहतं की मोडतं, ते मी डोळ्यांदेखत पाहिलं आहे.

त्या घराची मालकीण चतुराबाई. ती शाळेत गेली ती पाटी फुटेपर्यंत. नवी पाटी कुणी आणली नाही, तिने मागितली नाही. पण कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून ती बसली की वखारवालासुद्धा आवाज खाली घेतो. कुठल्या फळीत गाठ लपवली आहे ते ती लांबून सांगते, आणि कुठल्या माणसात लपवली आहे तेही. माझी जीभ तिच्यावर गेली आहे असं लोक म्हणतात. जाऊ द्या. गोड बोलून लाकूड कापलं जात नाही.

तिचा नवरा नामी सुतार होता. त्याच्या माघारी मुलगा शेषेराव मशीनवर उभा राहिला. पण एका बंगल्याचं छत करताना शेषेराव परांचीवरून पडला आणि त्याचा मणका दुखावला. जीव वाचला, हातपाय वाचले, पण उभं राहून ओझं उचलायचं डॉक्टरने कायमचं बंद केलं. तो बसून पॉलिश करायचा, गिऱ्हाइकांना हसवायचा. मशीनवर मात्र धूळ चढू लागली. शेषेरावचा चुलतभाऊ पंढरी रोज येऊन त्या धुळीवर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, काकू, मशीन माझ्याकडं द्या, निदान फिरती तरी राहील.

शेषेरावची बायको सिंधु. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या कारखान्यात घासकाम करत होती. घासता घासता तिने सगळं पाहिलं होतं. नवरा घरी बसल्यावर तिने मशीन चालवायला घेतली. छोटी कामं जमू लागली. चतुराबाईने तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती नुसती बघत होती, आणि तिचं बघणं हे बोलण्यापेक्षा जड असतं.

अशात उदगीरहून माणिकप्पा आले. त्यांचं तिथे काष्ठौषधींचं दुकान. हिरडा, बेहडा, अश्वगंधा, ज्येष्ठमध, असं सगळं ठेवायला त्यांना ओढून काढायच्या खणांचं भिंतभर कपाट हवं होतं. त्यांच्या वडिलांचा गल्ला चतुराबाईच्या नवऱ्याने घडवला होता, म्हणून ते एवढ्या लांब आले. खुर्चीवर बसून त्यांनी गुळाच्या चहाचं कौतुक केलं आणि मग, उदगीरकडे आईला म्हणतात तसं अव्वा म्हणत, अट सांगितली.

"अव्वा, माझ्याकडली पोरं खण काढतेत, झाडतेत, अन् हाताला येईल त्या घरात घुसवतेत. मी किती वरडू? म्हणून मला असं कपाट पायजे की कुठलाबी खण कुठल्याबी घरात जावा. अडला न्हाई पायजे, अन् खडखडला बी न्हाई पायजे."

मित्रांनो, ही अट ऐकायला सोपी आहे. घरोघरच्या कपाटांत प्रत्येक खण आपापल्या घरापुरता, म्हणजे कपाटातल्या आपल्या जागेपुरता, घासून बसवलेला असतो. शेजारच्या घरात घातला तर रुसतो. सगळे खण एकमेकांच्या घरात जायचे तर प्रत्येक फळी हुबेहूब आणि प्रत्येक काप काटकोनात लागतो. चतुराबाईला हे कळत होतं. ती नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून सिंधु म्हणाली, "करून देते दादा."

माणिकप्पा गेले. चतुराबाई बराच वेळ सुपारी कातरत बसली. मग तिने सुनेला समोर बोलावलं.

"माझ्या आधी बोलली तू. चांगलं केलं. आता माझंबी ऐक. अप्पाचं काम पार पडलं तर मशीन हितं राहील. खण अडले तर खंडेनवमीची पूजा पंढरीच्या दारात होईल, मशीन तिकडं जाईल, अन् तू परत घासकागद हातात घेशील. पटतंय का?"

"पटतंय, आत्याबाई," सिंधु म्हणाली.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्यात हत्यारांची पूजा होते. ज्याच्या दारात हत्याराची पूजा, त्याचं हत्यार. तेव्हा ही धमकी नव्हती, निकाल होता. फक्त पुढच्या तारखेचा.

या कामासाठी सिंधूने मला जन्माला घातलं. माझ्यासारखी गाडी तिने मोबाइलवर कुठल्याशा हिंदी कारागिराकडे पाहिली होती. प्लाय एका कपाटाच्या पाठीचा उरलेला, पण चांगला जाड आणि सपाट. पोटाखालच्या पट्ट्यांसाठी तिने जुन्या चौकटीचं सागवान काढलं. ते इतकी वर्षं ऊनपाऊस खाऊन बसलेलं होतं की आता कशानेही फुगणार नव्हतं. पट्ट्या खाचेत जाईनात, तेव्हा तिने रंध्याचा एकेक हलका हात मारत त्या उतरवल्या. शेषेराव बाजेवरून म्हणाला, "मार अजून एक हात, सैल बसंल, सुखानं पळंल." चतुराबाईने त्याच्याकडे न बघता सांगितलं की सैल बसलं तर गाडी वळवळेल. कासार बांगडी भरतो तशी पट्टी बसली पाहिजे. जाताना हाताला कळावं, गेल्यावर खुळखुळू नये. सिंधूने तसंच केलं. वरून मेणबत्ती घासली. माझ्या पट्ट्या पहिल्यांदा त्या खाचांत सरकल्या तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

मग खाचांत खाली नाणी टाकून तिने पट्ट्या मेजाच्या किंचित वर आणल्या, त्यांना फेव्हिकॉल लावला, वरून मला ठेवलं आणि स्क्रूने जखडलं. पुढची पट्टी बसली. मग मला ढकलत सिंधूने करवतीने माझ्याच पोटात एक चीर पाडली. दुखलं का म्हणून विचारू नका. ज्या चिरेतून करवत जाते तीच चीर मला गाडी करते.

राहिलं टेकण. ते करवतीशी काटकोनात बसवायचं तर गुण्या लागतो. गुण्या म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखं सुताराचं माप, ज्याचा कोपरा अगदी काटकोनाचा असतो. आमच्या घरचा गुण्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. चतुराबाईच्या नवऱ्याच्या हातचा. त्याच्या मापाने गावातल्या निम्म्या चौकटी उभ्या राहिल्या होत्या. नवरा गेल्यापासून कामाला शेषेराव दुसरा, विकतचा गुण्या वापरायचा. पण तो छतावरून त्याच्याबरोबर पडला आणि मोडला. खिळ्यावरचा गुण्या फक्त खंडेनवमीला खाली यायचा. चतुराबाई थाळी धरायची, शेषेराव हळदीकुंकवाची बोटं ओढायचा, आणि गुण्या परत खिळ्यावर जायचा.

सिंधूने तो मागितला. चतुराबाई स्वतः उठली, हात धुतले, गुण्या काढून दिला आणि म्हणाली, "ह्यांच्या गुण्यावर बसवलेलं आजवर वाकडं गेलं न्हाई." टेकण त्याला लावून बसलं. स्क्रू आवळले गेले. मी तयार झाले. शेषेरावने मला पहिला नारळ फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, मला नुसतं पाणी शिंपडलं. ते असो.

काम सुरू झालं. फळीमागून फळी माझ्यावरून गेली. आडवे काप गुळगुळीत, बोटाला कुसळ लागू नये असे. सिंधूने पहिले खण जोडले, मेजावर ठेवले, आणि त्यांच्या एका कोपऱ्यावर बोट दाबलं. खण डुगडुगला. दुसरा ठेवला, तोही डुगडुगला. घरात घालून पाहिला तर अर्ध्यात जाऊन अडला. उलटा करून घातला तर खडखडला. तिने माझ्या टेकणाला गुण्या लावला. गुण्या म्हणाला, काटकोन बरोबर आहे. परत लावला. गुण्या परत तेच म्हणाला.

तेव्हा सगळ्यांना एकदम तोंड फुटलं. शेषेराव म्हणाला, प्लायच वाकडा असेल. वखारवाला म्हणाला, फेव्हिकॉल ओला असेल. माझ्यावर तर येईल त्याने बोट ठेवलं. मित्रांनो, मी तुम्हाला सांगते, वाकडी मी नव्हते. मला वाकडं बसवलं होतं. दोन्हींत फरक आहे, आणि तो माणसांनाही लागू आहे.

पंढरी आला. त्याने खण हातात घेतला, कोपऱ्यावर टिचकी मारली आणि प्रेमाने म्हणाला, "वहिनी, वाईट नको वाटून घेऊ. मशीन बाईमाणसाच्या हाताला मानत न्हाई."

सिंधूने खण त्याच्या हातातून काढून घेतला. बोलली चतुराबाई.

"तुझ्या हाताला लई मानते का रे? मागल्या साली केळीच्या व्यापाऱ्याचं दार केलं तू. त्याला लावायचं म्हणलं की दोन माणसं खांदा लावतेत. आला, बसला, चहा पेला. आता ऊठ."

पंढरी उठला. पण जाताना त्याने मशीनभोवती एक चक्कर मारली आणि टेम्पोत ती कशी चढेल ते डोळ्यांनी मोजलं. चतुराबाईने ते पाहिलं. पंढरीला तिने घालवलं, पण सुनेची बाजू घेतली असं समजू नका. तिने मोडकी माणसं जपली होती, मोडकं काम कधीच जपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूने कारखान्यात कुणी यायच्या आत मला मेजावर ठेवलं. तिने एक रुंद फळी घेतली, माझ्या टेकणाला लावली आणि मधोमध कापली. मग दोन तुकड्यांपैकी एक तुकडा तिने पालथा केला, दोन्ही तुकडे परत टेकणाला लावले आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवल्या. काप काटकोनात असेल तर पालथा केला तरी कडा बरोबर मिळतात. वाकडा असेल तर वाकडेपणा दुप्पट होऊन समोर येतो. या परीक्षेला गुण्या लागत नाही, माप लागत नाही, नुसते डोळे लागतात.

कडा वरच्या बाजूला मिळाल्या. खालच्या बाजूला त्यांच्यात उजेडाची एक बारीक रेघ राहिली.

सिंधु त्या रेघेकडे बघत उभी राहिली. मग तिने टेकणाचा एका टोकाचा स्क्रू तसाच ठेवला, दुसऱ्या टोकाचा ढिला केला, आणि लाकडी हातोडीने टेकणाला हलकी टिचकी दिली. परत फळी, परत काप, परत पालथं. रेघ बारीक झाली. पुन्हा टिचकी. एकदा जास्त झाली, रेघ दुसऱ्या बाजूला गेली. तिने टेकण जरासं मागे आणलं. शेवटी दोन तुकडे असे मिळाले की मधून काही दिसेना. तिने स्क्रू आवळला आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसली. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते मी शब्दांत सांगणार नाही. सरळ उभं राहणाऱ्यालाच ते कळतं.

तेवढ्यात चतुराबाई आली, आणि मागोमाग शेषेराव येऊन पॉलिशला बसला. सुनेला बसलेलं पाहून तिने आधी पाणी दिलं, मग विचारलं, "काय करून राहिली ग?"

सिंधूने सांगितलं. चतुराबाईने सवयीने गुण्या उचलला आणि माझ्या टेकणाला लावला. गुण्याची एक बाजू टेकणाला, दुसरी करवतीला. करवतीशी फट दिसली.

"गुण्या न्हाई म्हणतोय," चतुराबाई म्हणाली. "परत लाव पहिल्यासारखं."

"न्हाई लावणार, आत्याबाई."

शेषेरावने पॉलिशचा बोळा खाली ठेवला. या घरात चतुराबाईला कुणी न्हाई म्हणालेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. चतुराबाईचा आवाज मात्र चढला नाही, उलट उतरला.

"ह्यांचा गुण्या खोटा म्हणती तू?"

"मी गुण्याला काहीच म्हणून नाही राहिले. तुम्ही फक्त ह्या दोन फळ्या उन्हाकडं धरा. तुमचे डोळे काय म्हणतेत ते सांगा. मग तुम्ही म्हणाल तसं टेकण लावते, अन् मशीन पंढरीभावजींच्या घरी मी स्वतः चढवून देते."

चतुराबाईने फळ्या घेतल्या. दारात जाऊन उन्हाकडे धरल्या. एक तुकडा तिने स्वतःच्या हाताने सुलटा केला, पालथा केला, परत सुलटा केला. दोन्हीकडून कडा मिळाल्या. मग तिने कालच्या दोन फळ्या मागितल्या, गुण्याच्या मापाने बसवलेल्या टेकणावर कापलेल्या. त्या तशाच पालथ्या करून धरल्या. त्यांच्या फटीतून ऊन आलं आणि तिच्या गालावर एक रेघ उमटली.

ती परत आली आणि खुर्चीवर बसली. गुण्या तिने मांडीवर घेतला आणि झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून हात फिरवावा तसा त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा टोकाशी जाऊन थांबला. तिथे कड गुळगुळीत नव्हती. तिथे जाड, कडक, तेलकट असा एक थर होता. दर खंडेनवमीला शेषेरावची बोटं त्याच जागी पडत होती, दर वर्षी नवी हळद जुन्या हळदीवर, नवं कुंकू जुन्या कुंकवावर. त्यावर पॉलिशची हवा, लाकडाचा भुसा, तेलाचा हात. लोखंडासारखा कडक थर झाला होता तो. गुण्याचं टोक त्या थराने उचललं जात होतं, आणि गुण्या मान वाकडी करून सगळ्यांना सरळपणा शिकवत होता. ज्या गुण्याने टेकण बसवलं त्यानेच ते तपासलं, मग चूक दिसणार कशी?

शेषेराव घाईने म्हणाला, "आई, पूजेचं हाय ते. खरवडू नको. खंडेनवमी झाल्यावर बघू."

चतुराबाई त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ कोरडीच होती.

"घरातल्या देवाला रोज आंघोळ घालते मी. याला देव म्हणलं, टांगलं, अन् एकदाबी आंघोळ न्हाई घातली. हळद लावायला सगळे, पुसायला कुणी न्हाई. पाणी ठेव चुलीवर."

कोमट पाणी आलं. चतुराबाईने परात मांडली, गुण्या तिच्यात ठेवला, आणि आपल्या हाताने थर भिजवला. तो सुटता सुटेना. तिने बांबूच्या काडीने हळूहळू उकरला. परातीतलं पाणी आधी पिवळं झालं, मग लाल. तळाशी वर्षांच्या वर्षं निघाली. तिचे ओठ हलत होते. नवऱ्याशी बोलत होती की देवाशी, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात. ते लाल पाणी तिने तुळशीला घातलं. गुण्या पदराने कोरडा केला, त्याला खोबरेल तेलाचा हात दिला, परत तोही पुसला. मग उठून माझ्याकडे आली.

गुण्याची एक बाजू टेकणाला. दुसरी करवतीला. दोन्हीकडे नखाला शिरायला जागा नाही.

सिंधूने ओठ चावले. चतुराबाईने गुण्या वर धरून सगळ्यांना दाखवला, जसा काही तो गावच्या कुस्त्या मारून आला होता.

"ह्यांचा गुण्या कधीच खोटा नव्हता," ती म्हणाली. "आमची हळद खोटी होती. सिंधु, मशीन चालू कर."

त्यानंतर आम्ही जे काम केलं, मित्रांनो, ते मी आढ्यतेने सांगणार आहे. ज्याला ऐकवत नसेल त्याने कान झाकावेत. एकेक फळी माझ्या टेकणाला टेकली आणि काटकोन घेऊन निघाली. एका मापाच्या फळ्यांसाठी सिंधूने टेकणावर लाकडाचा एक ठोकळा आवळला. फळीचं टोक त्याला लागलं की माप न घेताच लांबी तीच. करवत गात होती. भुसा उडत होता. चतुराबाई एकेक खण मेजावर ठेवायची, कोपऱ्यावर बोट दाबायची, आणि हलला नाही की नुसतं "हं" म्हणायची. तिच्या तोंडून "हं" मिळवायला या गावात माणसांची हयात गेली आहे. आम्हाला ते दिवसभर मिळत होतं.

पहिले डुगडुगे खण सिंधूने मोडले आणि त्यांचं सरपण केलं. कपाट उभं राहिलं.

माणिकप्पा ठरल्या दिवशी टेम्पो घेऊन आले. पंढरीही आला, मदतीला म्हणून. मशीन कशी चढेल ते परत एकदा बघायला म्हणून. माणिकप्पांनी कपाटासमोर उभं राहून आधी हात जोडले. मग सगळे खण बाहेर काढायला लावले, अंगणात सतरंजीवर पसरले, आणि पत्ते पिसावेत तसे दोन्ही हातांनी इकडचे तिकडे केले. कुठला खण कुठल्या घरचा, ते आता सिंधूलाही सांगता आलं नसतं.

"आता लाव ग तंगी," ते म्हणाले. उदगीरकडे धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात.

सिंधूने पहिला उचलला. हाताला येईल त्या घरात ठेवून बोटाने ढकलला. खण आत गेला, आणि आतली हवा हळूच फुस् करून बाहेर आली. तुम्ही सुतारांची मुलं असाल तर तो आवाज काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. नसाल तर विचारा. दुसरा गेला. तिसरा गेला. माणिकप्पा मध्ये पडले आणि स्वतः लावू लागले, वरचा खाली, खालचा वर, मुद्दाम उलटेपालटे. शेषेराव बाजेवरून उठून काठीवर उभा राहिला. पंढरीनेही न राहवून एक उचलला आणि अगदी कोपऱ्यातल्या अडचणीच्या घरात घातला. तोही गेला. सगळी भिंत बंद झाली, एकही खण पुढे आलेला नाही, एकही आत दबलेला नाही.

माणिकप्पा म्हणाले, "अव्वा, तुमच्या मालकांच्या हातचं काम वाटतंय."

"न्हाई अप्पा," चतुराबाई म्हणाली. "हे माझ्या सुनेच्या हातचं हाय. माझ्या मालकांनी असलं केलं न्हाई कधी. ते खण घासून बसवायचे."

हे वाक्य तिने सर्वांसमोर म्हटलं. सिंधूने तोंड फिरवून पदराने घाम पुसला. सगळाच घाम नव्हता.

पंढरी टेम्पो भरून झाल्यावर माझ्याजवळ आला. मला खाचांत पुढे-मागे सरकवून पाहिलं. मग मान खाजवत म्हणाला, "वहिनी, अशी एक मलाबी करून दे की."

"देईल ती," चतुराबाईने परस्पर सांगितलं. "आधी त्या केळीवाल्याचं दार उतरवून आण. ते नीट कर, मग गाडी माग."

पंढरीने खरंच ते दार उतरवून आणलं. माझ्यावरच त्याच्या नव्या पट्ट्या कापल्या गेल्या. आता ते दार लेकरूसुद्धा एका बोटाने लावतं. पंढरी तसा वाईट माणूस नाही. त्याला कुणी पालथं करून तपासलं नव्हतं एवढंच.

खंडेनवमी आली. मशीन धुऊन पुसून आमच्याच दारात होती. झेंडूची माळ तिला, एक मला. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, सगळे पाटावर ओळीने. शेषेराव सवयीने पुढे सरकला, तर चतुराबाईने थाळी त्याच्याकडे न देता सिंधूसमोर धरली. हत्यारांची पूजा या घरात बाईने केलेली कुणाला आठवत नव्हती. कुणी काही म्हणेल म्हणून चतुराबाईने गल्लीकडे एकदा बघून घेतलं. कुणी काही म्हणालं नाही. सिंधूने बोटं बुडवली.

"टोकाला नको," सासूने सांगितलं. "मधोमध लाव. अन् उद्या पुसायची आठवण ठेव."

त्यानंतर माझं नाव झालं. मुदखेडहून, लोह्याहून, तिकडे रेणापूरहून सुतार येतात, मला उलटी करून पोट बघतात, मोबाइलवर फोटो काढतात. माझ्यासारख्या बहिणी आता कितीतरी कारखान्यांत आहेत. पण नाव झालं की हेळसांडही होते, तेही सांगते. मधे एका पावसाळ्यात कामाच्या गडबडीत मला भिंतीला टेकवून ठेवलं गेलं. पत्र्यातून गळत होतं. कुणी माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, कुणी चहाचे ग्लास. शेषेरावने तर एकदा माझ्यावर पाय ठेवून बल्ब बदलला. माझा एक कोपरा फुगला. सिंधूने पाहिलं तेव्हा ती ओरडली नाही. तिने मला सुकवलं, कोपरा घासला, टेकण सोडवून पुन्हा उजेडाच्या परीक्षेला बसवलं. आणि ज्यांनी ज्यांनी ग्लास ठेवले होते त्यांना त्या दिवशी चहा मिळाला नाही. सासूची शिकवण वाया गेलेली नाही.

आता दर सोमवारी काम सुरू करायच्या आधी सिंधु एक फळी कापते, पालथी करते आणि उन्हाकडे धरते. माझ्यावर एवढा भरवसा असून ती मला तपासते. मला राग येत नाही. राग येतो तो ज्यांना कुणी तपासलेलं आवडत नाही त्यांचा.

तेव्हा मित्रांनो, एवढं करा. तुमच्या घरातली पट्टी, तराजू, कात्री, कोयता, जे काही रोज तुमच्यासाठी राबतं, त्याला कामानंतर कोरडं करून जागेवर ठेवा. त्याच्यावर ओझं टाकू नका, त्याच्यावर चढू नका. ज्याला तुम्ही मान देता त्याला नुसता नमस्कार करून टांगून ठेवू नका. खाली काढा, पुसा, उजेडात बघा. आणि तपासताना काही वाकडं दिसलं तर बोला. घरात कितीही मोठं माणूस खुर्चीवर बसलेलं असो, बोला. बोलायला घाबराल तर खण अडतील.

बस, झालं. सिंधूने बटणावर हात ठेवला आहे आणि टेकणाला सागवानाची फळी लागली आहे. शाळेची दारं आहेत यंदा, उंच उंच. तुम्ही जमिनीवरच्या त्या पिवळ्या रेघेच्या पलीकडे जाऊन उभे राहा, बोटं खिशात घाला, आणि बघा आता मी कशी जाते ते.